आवारातल्या जुन्या आंब्याला तीन वर्षं द्या

तुमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पंपाच्या खोलीशेजारी किंवा कुंपणाच्या भिंतीला लागून एखादा जुना आंबा उभा असेल. आंबा नसेल तर फणस असेल, जांभूळ असेल, चिकू असेल. त्याच्याकडे मान वर करून शेवटचं कधी पाहिलंत? बहुतेकांना आठवत नाही. तक्रारी मात्र सगळ्यांना पाठ असतात. पाला गाड्यांवर पडतो, मोहोराच्या दिवसांत काचा चिकट होतात, फांद्या खिडकीला घासतात, आणि फळ म्हणाल तर काही नाही. ‘पूर्वी खूप धरायचा, आता म्हातारा झाला,’ असं म्हणून विषय संपतो आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी तो तोडायचा ठराव मांडतं.

माझी विनंती एवढीच की त्या ठरावाला हात वर करण्याआधी झाडाला तीन वर्षं द्या. आंब्याला साठ-सत्तर वर्षं म्हणजे काही फार वय झालं असं नाही. कोकणात शंभरी ओलांडलेले रायवळ अजून पाट्या भरून आंबे देतात. उपनगरातला आंबा फळायचा थांबतो त्याची कारणं बघायला गेलं तर चार-पाचच निघतात, आणि त्यातली बहुतेक आपल्याला दूर करता येतात.

मी बोरिवली पश्चिमेला राहतो. बँकेतून निवृत्त झालो, शेतीचं शिक्षण नाही. पण गेली नऊ वर्षं आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधली जुनी फळझाडं सावरायच्या कामात आहे. जे स्वतः पाहिलं, जाणत्या माणसांकडून शिकलो, तेच सांगतो. आणि सुरुवात आमच्या हातून झालेल्या चुकीपासून करतो, कारण ती चूक अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दर उन्हाळ्यात होताना दिसते.

आमच्या इमारतीत लोक १९७४ साली राहायला आले. त्याआधी इथे वाडी होती. वाडी गेली, विहीर बुजली, दोन झाडं राहिली. दाराशी जांभूळ आणि मागे आंबा. एका मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून समितीनं एका ठेकेदाराला बोलावलं. त्या समितीत मीही होतो. त्याची माणसं यांत्रिक करवत घेऊन आली आणि दोन तासांत जांभळाच्या सगळ्या फांद्या दहा-बारा फुटांवर सरसकट उडवून गेली. मागे उरला नुसता खांब. ‘आता पाच वर्षं बघायला नको,’ असं सांगून ठेकेदार पैसे घेऊन गेला. पावसात त्या खांबाला चहूकडून धुमारे फुटले, इतके की झाड नव्यानं उभं राहिलं असंच आम्हाला वाटलं. तिसऱ्या पावसाळ्यात, एका वाऱ्याच्या रात्री, त्यातला दंडाएवढा जाड धुमारा सालीची लांब पट्टी सोलून घेत खाली आला. नशिबानं खाली कोणी नव्हतं. सकाळी त्या जागी बोट घातलं तर आतलं लाकूड चहात भिजलेल्या पावासारखं मऊ. वर्षभरात झाड काढून टाकावं लागलं. जून महिन्यात जांभळ्या डागांनी भरणारी ती फरशी आता स्वच्छ असते, आणि ती स्वच्छ दिसली की मला अजून वाईट वाटतं.

असं का झालं ते मला पुढे कळलं. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. कापलेलं लाकूड तसंच राहतं. झाड त्याच्याभोवती आतून भिंत घालतं, कूज तिथल्या तिथे कोंडून धरतं आणि वरून नव्या लाकडाचा थर चढवत जातं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली ही व्यवस्था जगाला दाखवली. तोपर्यंत फांदी खोडालगत सपाट कापायची आणि वर रंग फासायचा ही रीत जगभर चांगली मानली जात होती. शायगोंनी ती चुकीची ठरवली. त्यांचं म्हणणं समजायला पुस्तक लागत नाही, झाडाजवळ जाऊन बघितलं तरी पुरतं. फांदी खोडातून जिथे निघते तिथे सालीला वळी पडलेली असते, बोटातल्या अंगठीसारखी फुगीर. जखम कोंडायचं बळ झाडानं त्या वळीत ठेवलेलं असतं. म्हणून कापायचं ते वळीच्या लगेच बाहेर. वळीच कापून काढली तर झाडाची भिंत आपण पाडली. वळीपासून हातभर खुंट सोडला तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि कूज हळूहळू खोडात उतरते. आमच्या जांभळाच्या फांद्या तर अधेमधेच कापल्या होत्या. तिथे वळी नसतेच. दहा फांद्या, दहा उघड्या जखमा.

आणि ते धुमारे? खरी फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षं वाढते, तिची मुळी खोडाच्या गाभ्यापर्यंत गेलेली असते. असं मुंडण केल्यावर घाईघाईनं फुटलेला धुमारा वरच्या थराला चिकटलेला असतो, आणि त्याच्या खाली लाकूड कुजत असतं. तो भराभर वाढतो, जड होतो आणि वाऱ्यात सुटतो. धोका नको म्हणून आपण झाडाचं मुंडण करतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोच धोका वाढून परत येतो. शिवाय अन्न तयार करणारी पानं एका दिवसात गेल्यावर झाड साठवणीतलं खाऊन नवी पालवी काढतं. जुन्या झाडाकडे ती साठवण फार नसते. त्या पालवीला आपण टवटवी समजलो, ती त्याची शेवटची धडपड होती.

आंब्याच्या बाबतीत आम्ही शहाणे झालो. समितीतल्या एका काकूंच्या ओळखीनं गुहागरकडचे एक गृहस्थ आले. साठीचे, आयुष्य कलमांच्या बागेत गेलेलं, मुलाकडे दहिसरला आले होते. त्यांनी आल्या आल्या कोयता काढला नाही. अर्धा तास झाडाभोवती फिरले. मग मला बुंध्याशी उभं करून म्हणाले, ‘साहेब, आता वर बघा. आभाळ किती दिसतंय?’ मी म्हटलं, दिसत नाही. ते म्हणाले, ‘मग मोहोराला ऊन कुठून मिळणार?’

सगळं मर्म त्या प्रश्नात आहे. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो, आणि ज्या शेंड्याला ऊन पोचतं तोच नीट फळतो. दोन इमारतींच्या फटीत सापडलेलं झाड उन्हासाठी वर वर धावतं. मधली फांदी चौथ्या मजल्यावर पोचते, आतला घेर अंधारात पडतो, तिथल्या काटक्या वाळतात, दमट काळोखात किडीला आणि बुरशीला आसरा मिळतो. जो काही मोहोर येतो तो गच्चीच्या उंचीला, आणि आला तरी काढायचा कसा? कोकणातल्या जुन्या हापूस बागांचं दुखणं हेच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं अशा दाट झालेल्या बागांसाठी छाटणी करून पुनरुज्जीवन करायची शिफारस केलेली आहे. मधली उभी फांदी काढून झाडाचं पोट उघडायचं, उंची कमी करायची, आत ऊन-वारा खेळू द्यायचा. उत्तरेत लखनौजवळच्या रहमानखेड्याच्या केंद्रीय संस्थेनंही जुन्या आंब्यांवर बरंच काम केलं. सरकारच्या फलोत्पादन अभियानात जुन्या फळबागांचं पुनरुज्जीवन असा वेगळा घटकच आहे. म्हणजे हा काही हौशी लोकांचा खटाटोप नाही, शेतकरी पैसे घालून हे करतो.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. बागेत कधी कधी सगळं झाड एकदम तीन-चार मीटर उंचीवर कापतात, फुटणारे धुमारे विरळ करत नवा घेर बसवतात आणि दोन-तीन वर्षांनी फळ घेतात. तिथे रोज बघणारा माणूस असतो, फवारणी असते, आणि एखादं झाड दगावलं तर बाकीची बाग असते. आपल्याकडे झाड एकच, खाली मुलं खेळतात, आणि एकदम उघड्या पडलेल्या झाडाला भिरूड लागण्याची भीती मोठी. आवारातल्या झाडासाठी मी ती पद्धत कोणालाही सुचवणार नाही. तीन वर्षं, थोडं थोडं. एका वर्षात हिरव्या घेराच्या चौथाईहून जास्त काढायचं नाही, झाड अशक्त असेल तर त्याहून कमी.

पहिल्या ऑक्टोबरात आम्ही एकही धडधाकट फांदी कापली नाही. वाळकी, मोडकी, एकमेकींना घासणारी, एवढीच काढली. आणि बांडगूळ. उपनगरातल्या जुन्या आंब्यांवर हे सर्रास असतं आणि पुष्कळांना ते आंब्याचंच पान वाटतं. नीट बघितलं तर पान जाड, करड्या झाकेचं, आणि नारिंगी-तांबडी नळीसारखी फुलं. छोटे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी फांदीला पुसून जातात. तिथे ते रुजतं आणि आंब्याच्या रसावर जगतं. नुसतं वरून ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलं असेल त्याच्या खाली फूट-दीड फुटावर, जवळची निरोगी डहाळी बघून, फांदीच कापावी लागते. आमच्या आंब्यावरून निघालेलं बांडगूळ टेम्पोच्या निम्म्या हौद्यात मावलं. त्या वर्षी झाडानं फक्त श्वास घेतला म्हणा.

भिरूड त्याच दिवशी सापडला. गुहागरच्या काकांनी कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकत ठोकत आवाज ऐकला. एका जागी आवाज पोकळ आला. खाली बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला होता, ताज्या करवतीखाली पडतो तसा, आणि वर करंगळी जाईल एवढं भोक. हा खोड पोखरणारा किडा. सालीला चीर पडली की भुंगा तिथे अंडी घालतो, आणि अळी महिनोन् महिने लाकूड खात आत बोगदे करते. काकांनी सायकलच्या चाकाची तार वाकवून आत घातली, फिरवली आणि बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी अळी ओढून काढली. मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक ओल्या मातीनं लिंपलं. त्यानंतर दर महिन्याला बुंध्याशी वाकून भुसा बघायचं काम आमच्या वॉचमनदादांनी आपणहून घेतलं. सांगायचं कारण असं की भिरूड आहे की नाही हे बघितल्याशिवाय छाटणीला हात घालू नका. आतून पोखरलेल्या झाडावर करवत चालवणं म्हणजे आजाऱ्याची परीक्षा बघणं.

दुसऱ्या वर्षी मधल्या दोन उभ्या फांद्यांपैकी एक काढली, तिसऱ्या वर्षी दुसरी तिच्या बाजूला वळलेल्या जोडफांदीपर्यंत उतरवली. मोठी फांदी कापायची रीत तेवढी सांगतो, कारण इथेच साल फाटते. पहिला काप खोडापासून फूटभर पुढे, फांदीच्या खालच्या अंगानं, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथून सुटते आणि खालच्या कापामुळे साल सोलत खोडाकडे जात नाही. मग उरलेला खुंट, वळीच्या लगेच बाहेर, तिसऱ्या कापानं. फांदी मोकळी पडू द्यायची नाही, दोर बांधून उतरवायची. चढणाऱ्याच्या कमरेला दोर आणि डोक्याला हेल्मेट नसेल तर काम त्या दिवशी होणार नाही, असं समितीनं स्पष्ट सांगावं. चार पैसे वाचवायला कोणाचा जीव धोक्यात घालू नये.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. लोखंडी सुरी क्षणभर बुडवून बघायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. ही पेस्ट जखम भरत नाही, ती झाडानंच भरायची; पण आपल्या दमट हवेत बुरशीला थोडा अटकाव होतो. ऑइल पेंट, डांबर, ढोलीत सिमेंट भरणं, हे सगळं टाळा. ढोलीतल्या सिमेंटखाली पाणी साचतं आणि कूज वाढते. सावलीत वाढलेल्या ज्या फांद्यांवर आता एकाएकी ऊन पडणार, त्यांना चुन्याचा हात द्या, नाहीतर साल भाजून तडकते.

छाटल्या जागी फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी बाहेरच्या दिशेला जाणारे दोन-तीन ठेवून बाकीचे पेन्सिलीएवढे असतानाच हातानं मोडायचे. हे काम वर्षातून तीन-चारदा करावं लागतं आणि लोक नेमकं हेच विसरतात. छाटणी एका दिवसाची, धुमारे आवरणं दोन वर्षांचं.

आता खाली बघू, कारण निम्मं दुखणं जमिनीत असतं. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट बुंध्याला गळफास बसावा तसं भिडलेलं असतं. चारी बाजूंनी निदान एक मीटर जागा मोकळी करा, जमेल तिथे जास्त. काम पहारेनं घाईत करू नका; मुळं तुटली तर वरच्या छाटणीचा उपयोग नाही. मोकळ्या झालेल्या जागेत चार-पाच घमेली कुजलेलं खत, पावसाच्या तोंडाला, बुंध्याला न भिडवता घेराच्या सावलीत. झाडाचा सुका पाला झाडाखालीच पसरा. आपण वर्षानुवर्षं तो पाला झाडून कचऱ्याच्या गाडीत देतो आणि झाड काही देत नाही म्हणतो. आणि ‘एक औषध मुळाशी ओतलं की लगेच फळ’ असं सांगणारा भेटला तर नको म्हणा. ती बागायतदारांची गोष्ट आहे, मापानं करायची, सशक्त झाडावर.

बाकीच्या झाडांना आंब्याचा नियम लावू नका. फणस खोडावर आणि जुन्या जाड फांद्यांवर धरतो. तिथले बारीक खुंट ‘कचरा’ म्हणून खरवडले की पुढचे फणस गेले. त्याचं फक्त वाळकं काढायचं. जांभळाला फूल पानांच्या मागे, जुन्या डहाळ्यांवर येतं, म्हणून हात हलका. चिकूला छाटणी फारशी लागतच नाही, पोटातले उभे फुटवे काढले की पुरे. पेरू मात्र नव्या फुटीवर फळतो, तो जोरात छाटलेला सोसतो आणि आवडीनं फळतो.

आणि बोर. बोरिवलीच्या नावात बोर आहे असं सांगतात, आमच्या जांभळी गल्लीच्या नावात जांभूळ आहे, मालाडच्या चिंचोळीत चिंच. ही उपनगरं झाडांची नावं घेऊन वाढली. सगळ्या फळझाडांत दरवर्षी कापलेलं ज्याला खरोखर हवं असतं असं झाड म्हणजे बोर. ते नव्या फांदीवरच फळतं, म्हणून महाराष्ट्रातले बागायतदार त्याची एप्रिल-मेमध्ये चांगली कडक छाटणी करतात. गोराई-एक्सरकडे अजून काही जुन्या वाड्यांच्या कडेला काटेरी गचपण झालेली बोरं दिसतात, बारीक आंबट फळांची. त्यांना एक उन्हाळा नीट छाटलं तर ती ओळखू येणार नाहीत.

बोर सोडलं तर आपल्या झाडांना मे महिना बरा नव्हे. पावसाच्या तोंडावर केलेल्या जखमांवर चार महिने पाणी पडतं. शिवाय एप्रिल ते जून कावळ्यांची घरटी भरलेली असतात, आणि कावळ्यांच्या घरट्यात कोकिळेची पिल्लं. वाळकी, लोंबकळणारी, खरोखर धोक्याची फांदी मेमध्ये जरूर काढा. मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मोहोर फुटायच्या आत. जोरात धरलेलं झाड असेल तर त्या वर्षीचा थोडा मोहोर जाईल हे आधीच शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

परवानगीशिवाय मात्र कोयता उचलू नका. झाड आपल्या आवारात असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ त्याला लागू आहे, आणि त्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलं. साठ-सत्तरच्या दशकात वसाहती उभ्या राहिल्या त्या आपल्या उपनगरांत अशी झाडं गल्लोगल्ली आहेत. महापालिकेच्या विभाग कार्यालयात उद्यान खातं असतं. बोरिवलीकरांना आर मध्य, मुलुंडकरांना टी, घाटकोपरकरांना एन, अंधेरीकरांना के पूर्व किंवा के पश्चिम. अर्जासोबत झाडाचे चार बाजूंनी फोटो द्या, कोणत्या फांद्या काढायच्या त्यावर खूण करा, आणि ‘छाटणी’ एवढंच न लिहिता ‘वाळक्या फांद्या, बांडगूळ आणि मधली एक उभी फांदी’ असं लिहा. अधिकारी बघायला येतात तेव्हा समितीतलं कोणीतरी झाडाखाली हजर असू द्या. माझा अनुभव असा की झाड वाचवायला आलेल्या माणसाशी तेही मोकळेपणानं बोलतात. परवानगी हातात आल्यावर ठेकेदारालाही तेच लिहून द्या, आणि ‘उंची इतक्या फुटांवर आणणे’ असं वाक्य कंत्राटात येऊ देऊ नका. आमचं जांभूळ त्याच वाक्यानं गेलं.

तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं पडली. त्यानंतर झाडाची भीती सगळ्यांच्या मनात बसली, आणि ती खोटी नाही. ज्या झाडाचा बुंधा पोकळ झालाय, जमिनीशी माती उचललीय, खोडाला खालपासून चीर गेलीय, ते ठेवा असं मी म्हणणार नाही. तशा झाडासाठी जाणकाराला बोलवा, महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा, जाऊ द्या. पण भीतीचं उत्तर म्हणून चांगल्या झाडाचं मुंडण करणं हे उत्तर नाही. ज्याचा घेर मोकळा, ज्यातून वारा आरपार जातो, ज्याची मुळं सिमेंटनं गुदमरलेली नाहीत, ते झाड वादळात जास्त टिकतं.

लोक मला विचारतात, इतकं करून फळ तरी काय, रायवळच ना? नव्या धुमाऱ्यांवर हापूसचं कलम बांधू का? बांधता येतं. उत्तर प्रदेशात मलिहाबादचे कलीमुल्ला खान यांनी एकाच जुन्या झाडावर तीनशे जातींची कलमं बांधली. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. हौस असेल तर एका फांदीवर करून बघा. पण बाकीचं झाड रायवळ राहू द्या. रायवळ कोयीतून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी, आणि ते झाड गेलं की ती चव पुन्हा कुठल्या बाजारात मिळत नाही. आमच्या आंब्याची कैरी लोणच्याला चार दिवस जास्त कडक राहते, पिकला की सासवाला गोड-आंबट नेमका लागतो. हापूसचं सासव कोणी करत नाही.

तिसऱ्या वर्षी त्याला दोन पाट्या आंबे आले. उंची उतरल्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून झेल्यानं काढता आले. दापोलीच्या विद्यापीठानं काढलेला ‘नूतन झेला’ एका भावांनी गावाहून आणला होता. अठ्ठावीस बिऱ्हाडांना घरटी चार-चार मिळाले. पहिल्या मजल्यावरच्या आजी १९७४ पासून इथे आहेत. त्यांनी एक चोखून पाहिला आणि म्हणाल्या, ‘हाच तो.’

आपल्या आवारातलं झाड कुठलं, त्यावर बांडगूळ आहे का, बुंध्याशी भुसा पडलाय का, सिमेंट किती जवळ आलंय, हे बघायला या रविवारची अर्धी सकाळ पुरेल. कोणा जाणत्याला सोबत घ्या. गावी कलमं असलेलं एखादं बिऱ्हाड प्रत्येक इमारतीत असतं, त्यांना विचारा. अर्ज, पाहणी आणि परवानगी यात वेळ जातो. ऑक्टोबरात छाटणी हवी असेल तर अर्ज गणपतीच्या आधी विभाग कार्यालयात पोचवा.